गजराची लाँच आणि माझं इंजिन

गजरा,

"मेले तरी या इंजिनावर पाय ठेवायची न्हाय," असं तू काठावर उभी राहून म्हणालीस त्याला अकरा वर्षं झाली. सकाळची वेळ होती, पुण्याचे आठ पाशिंजर लाँचमध्ये बसलेले, गळ्यात कॅमेरे. सगळ्यांनी ऐकलं. एक बाई हसली. मी पण हसलो, कारण चारचौघांत बायको बोलली की बाप्या माणसाला दुसरं काय सुचत न्हाय. मला वाटलं, रागाचं बोलणं हाय, चार दिवसांत येऊन बसंल. तू बसली न्हाईस. आणि तुला बारामतीच्या दवाखान्यातनं घरी आणली, अंगणात ठेवली, तवा माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच. रडू न्हाय आलं. हे आलं, की आता हिला पाण्यावर न्यायची कशी.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली. तुझ्या पाठच्या भावांतला थोरला, दगडू म्हणाला, "दाजी, आमच्या होडीतनं नेतो अक्काला. आत्ताच सोडून येऊ." त्याचं बरोबर होतं. तुझ्या माहेरची होडी, तुझ्याच माहेरचं पाणी. पण मी न्हाय म्हणालो. गाडगं फडक्यात बांधलं, काठावरच्या बाभळीला टांगलं, आणि म्हणालो, "दहाव्याला नेऊ. लाँचमधनं नेऊ."

दगडू म्हणाला, "अक्का बसत नव्हती त्यात."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

मग काय, ते मलाच ठाऊक नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की ती लाँच तुझी. ती आणली तूच. मुंबईच्या कुणा शेठनं हौसेला बांधलेली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची बोट. कुणा बिल्डरनं ती हॉटेलच्या नादानं उजनीच्या पाण्यावर आणली, हॉटेल झालंच न्हाय, आणि ती भिगवणच्या काठावर तीन पावसाळे कलंडून पडली. मी बघून म्हणालो होतो, चुलीला चांगली हाय. तू तिच्या बुडावरनं हात फिरवलास, नखानं रंग खरवडलास आणि म्हणालीस, "सागवान हाय. आन् अंग बगा तिचं, कसं निमुळतं आणलंय मागं. ज्यानं बांधली त्याला पाणी कळत होतं." मला तर तिच्यात फक्त इंजिन दिसलं. दोन सिलिंडरचं, जुन्या काळचं, गाडीच्या चाकाएवढं जड चाक असलेलं, हँडल मारून चालू करायचं. मी म्हणालो इंजिन मी चालू करतो. तू म्हणालीस बोट मी चालू करते. तसंच झालं. दोन महिने तू तिला घासत होतीस, फटीत कापूस आणि डांबर भरत होतीस, पितळेच्या खिडक्या चिंचेनं उजळत होतीस. मी नोझल साफ करत होतो. आपल्या लग्नात इतकं बोलणं झालं नव्हतं जितकं त्या दोन महिन्यांत झालं.

मी सांगवीचा. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत जन्म गेला. पाण्याचं मला भ्याव. अजून पवता येत न्हाय. लग्न झाल्यावर तुझ्या बापानं होडीत बसवलं तर मी दोन्ही काठांना धरून बसलो होतो, आणि तू वल्हं मारत म्हणालीस, "मिस्त्री, होडी धरू नका, होडीनंच तुमाला धरलंय." तुझे भाऊ आजवर त्यावर हसतात. धरणात गेलेलं तुझं गाव तू मला पाण्यावरनंच दाखवलंस. हितं आमचं दार. हितं आड. हितं देऊळ. मला नुसतं पाणी दिसत होतं, पण तू बोट दाखवत होतीस म्हणून मी व्हय व्हय म्हणत होतो.

ते जुनं इंजिन डुग... डुग... डुग... असं चालायचं. दोन ठोक्यांच्या मधी माणूस एक शब्द बोलून घेईल इतकं सावकाश. लाँच पाण्यावरनं सरकायची, मागं लाट म्हणून उठायची न्हाय. रोहित पक्षी दोनशे हातांवर उभे असायचे, मान पण वर करायचे न्हाईत. पाशिंजर खूश. तू पुढं टोकावर बसायचीस, हातात बांबू, पाणी किती हाय ते बघत. मी मागं इंजिनापाशी. मधी सगळी बोट, पण तुझी पाठ दिसत असायची.

मग आल्या त्या पोरांच्या फायबरच्या बोटी. मागं पेट्रोलचं इंजिन टांगलेलं. भुर्रकन जायच्या, भुर्रकन यायच्या. आपल्या एका फेरीत त्यांच्या तीन. एक पोरगं मला जाता जाता म्हणालं, "आबा, ढकलू का?" तेवढं लागलं मला. तुझं म्हणणं, त्यांना जाऊ दे, पाखरं बघायला येणाऱ्याला घाई नसती. मी म्हणालो, तुला धंद्याचं काय कळतं. हे पण लिहून ठेवतो, बोललो होतो ते.

बारामतीच्या भंगारात मला जीपचं इंजिन मिळालं. गाडी पलटी झालेली, इंजिन ठणठणीत. चौपट ताकद, निम्मं वजन. माझ्या हाताला खाज सुटली. पण ते लांबीला वेगळं, पायाला अरुंद, जुन्या बैठकीवर बसंना. इंजिन ज्या दोन सागवानी वाशांवर बसतं ती बैठक बोटीच्या सांगाड्यात सांधलेली असती. मी करवत घेतली आणि दोन्ही वासे कापले. तू दगडूच्या पोरीच्या बाळंतपणाला गेली होतीस. मुद्दाम तवाच कापले. आलीस तवा जुनं इंजिन गेलेलं होतं आणि नवं बसलेलं होतं. जुन्याचं काय केलं विचारलंस तर म्हणालो, भंगारात घातलं, तुकडे झाले. खोटं होतं. कळसच्या एका शेतकऱ्याला विहिरीवर लावायला दिलं होतं. तुकडे झाले म्हटलं की भांडण मिटंल, असा माझा हिशेब.

पहिल्या फेरीला तू काठावर उभी राहून बघितलंस. मी जोर दिला. लाँचचं नाक वर उठलं, ढुंगण खाली बसलं, मागं ही एवढी लाट, काळा धूर, आणि अर्ध्या मैलावरची सगळी पाखरं एका दमात उठली. मी परत काठाला आलो. मला वाटत होतं माझ्या तोंडात साखर घालशील.

"अवं, ती पळत न्हाय," तू म्हणालीस. "पाणी उकरतिया."

"चौपट ताकद हाय गं त्याला!"

"म्हशीच्या अंगात घोड्याचं काळीज घातलं म्हणून म्हैस शर्यत मारत न्हाय. तिची चाल तिच्या अंगात असती. काढा ते."

"न्हाय काढत."

आणि मग तू ते 'मेले तरी' म्हणालीस.

त्या दिवसापासनं तू भावाच्या होडीत. लाँचवर पोरगा संतोष आणि मी. तू जेवायला वाढायचीस, पाशिंजराला च्या करून द्यायचीस, लाँचचा रंगसुद्धा दर साल काठावरनं हात पुरेल तितका देत होतीस. पण पाय ठेवला न्हाईस. मी दोनदा म्हणालो, चल की. तू म्हणालीस, "इंजिन बदललं का?" विषय संपला.

आता जे तुला सांगितलं न्हाय ते सांगतो.

तिसऱ्या सालात एक म्हातारे पाशिंजर आले होते. मोठ्या जहाजांवर इंजिन बघण्यात जन्म गेलेले. ते पाखरं बघायचं सोडून माझ्या इंजिनाकडंच बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, हे कुणी बसवलं?" मी छाती काढून म्हणालो, मी. ते म्हणाले, "काम सुबक आहे. पण या बोटीला चुकीचं आहे." मग त्यांनी समजावलं. असल्या बोटीची चाल तिच्या लांबीवर ठरलेली असते. तेवढ्या चालीला थोडी ताकद पुरते. त्यावर कितीबी ताकद घाला, बोट पुढं जात न्हाय, आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि तो खड्डा चढत राहते. डिझेल जळतं, लाकूड हादरतं, सांधे सुटतात. तिला सावकाश फिरणारं, जड, मोठ्या पंख्याचंच इंजिन पायजे, म्हणाले. जुनं कुठे आहे?

गजरा, त्यांनी अर्धा तास लावून, कागदावर रेघा मारून जे सांगितलं ते तू काठावर उभी राहून दोन शब्दांत सांगितलं होतंस. पाणी उकरतिया. तुला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेला.

संध्याकाळी घरी आलो. तू भाकरी थापत होतीस. मी ताटावर बसलो आणि म्हणालो, कालवणात मीठ कमी हाय. दुसरं काय बोललो न्हाय. त्याच्या पुढं आठ वर्षं मला ठाऊक होतं, की तुझं बरोबर हाय. रोज त्या इंजिनावर बसून ठाऊक होतं. बुडाला पाणी झिरपायला लागलं तवा पण. मी रात्रीचा डबा मारून पाणी काढायचो, तुला दिसू नये म्हणून.

तुझं सगळंच बरोबर होतं असं पण मी म्हणणार न्हाय. छातीत कळ येती हे सांगायला तुला तीन आठवडे लागले. संतोषच्या बायकोला कळलं होतं, मला न्हाय. का, तर आबा हंगामात हायेत. अगं, कसला हंगाम. दवाखान्यात नाकात नळी असताना तू विचारलंस, "लाँच कशी चालतिया?" मी म्हणालो, "झकास." तू डोळे मिटून म्हणालीस, "बरं." तुला खोटं कळायचं. तरी बरं म्हणालीस. त्या दिवशी भांडायला पायजे होतंस. मी बोलून गेलो असतो.

तर गाडगं बाभळीला, आणि मी कळसला गेलो. आठवा दिवस होता. एकटाच गेलो, एसटीनं. ठरवलं होतं, इंजिन असंल तर हातापाया पडून आणायचं, लाँचवर बसवायचं आणि तुला त्यावरनं न्यायचं. त्या शेतकऱ्याला सगळे तात्या म्हणतात, माझ्याच वयाचा. गोठ्यात कडबा टाकत होता. मी म्हणालो, भिगवणचा लाँचवाला मिस्त्री, ते जुनं इंजिन.

तर तो पेंढी टाकून घराकडं तोंड करून वरडला, "अगं ए, आलं बग! बाईंचे मालक आले! च्या टाक!"

मला काय कळंना. तात्या हसत पुढं आला. "आलात व्हय एकदाचे? आन् बाई कुठायत? मागनं टेम्पोत येत्यात का?"

त्याची मालकीण बाहेर आली, पदराला हात पुसत. "बसा की भाऊजी. अवं, दर साल हुरड्याला येत्यात बाई. मरळ मासळी घेऊन येत्यात भावाकडची. इंजिनापाशी बसत्यात, चिंधीनं पुसत्यात, ह्यांच्याकडनं तेल घालून घेत्यात. विहिरीवर आमची विजेची मोटार कधीच बसली, ह्यांनी दोनदा मोडीत काढाय घेतलं. बाई म्हणाल्या, तात्या, मोडू नगा, आमचे मालक यायचेत मागायला."

"मी म्हणायचो, बाई, तुमीच न्या," तात्या म्हणाला. "तर म्हणायच्या, मी नेऊन काय करू. त्यांनी यायला पायजे. जरा आडमुठे हायेत, पण इंजिनाचं कळतं त्यांना. कळलं की यायचेत."

कळलं की यायचेत.

इंजिन न्हेणाऱ्या टेम्पोवाल्यानं तुला सांगितलं असणार कुठं गेलं ते. मला ठाऊक नव्हतं तुला ठाऊक हाय ते. तू दर साल इंदापूरला नणंदेकडं म्हणून जायचीस, मी एसटीत बसवून द्यायचो.

"पण बाई का न्हाय आल्या?" मालकिणीनं परत विचारलं.

मी म्हणालो, "न्हाईत आता. आठ दिस झाले."

तिच्या हातातली कपबशी तशीच राहिली. तात्या म्हणाला, "चला," आणि मला विहिरीकडं नेलं. पत्र्याखाली होतं. गजरा, ते मी दिलं त्याच्यापेक्षा चांगलं होतं. पितळी नळ्या झळकत होत्या. चाकावर गंजाचा ठिपका न्हाय. मी हात लावला आणि मग मला रडू आलं, तुझ्या मयतीला न आलेलं, परक्याच्या विहिरीवर. तात्यानं पाठीवर हात ठेवला न्हाय की काय न्हाय. चांगला माणूस हाय. बाजूला जाऊन तंबाखू मळत उभा राहिला. मी विचारलं, न्हेऊ का? म्हणाला, "विचारताय काय, उचला. तुमची वाट बघतच ठेवलंय."

हे मी मागायला गेलो, तवा मला एकदाही जड गेलं न्हाय. हातापाया पडावं लागलं न्हाय. कुणी हसलं न्हाय. इतकं सोपं होतं ते.

नवव्या दिवशी संतोष, दगडू आणि चार गड्यांनी मिळून तीन वासे उभे केले, चेन लावली, आणि माझं जीपचं इंजिन लाँचमधनं काढून काठावर टाकलं. मग जुनं आत उतरवलं. उतरवलं, आणि मी बघत बसलो. त्याचे पाय ठेवायला खाली काय न्हाय. बैठक मीच कापलेली. करवतीच्या खुणा अजून तशाच. इंदापूरचा सुतार आणला होता, त्यानं वीत लावून बघितलं आणि म्हणाला, "आबा, जुन्या सांध्यात नवा सागवान घालावा लागंल. वाळलेलं लाकूड पायजे. ओलं घातलं तर पहिल्याच पावसाळ्यात वाकंल. उद्या कसं व्हईल?"

दगडू म्हणाला, "दाजी, मग जीपचंच परत टाकू, उद्यापुरतं."

मी म्हणालो, "टाकायचं न्हाय."

दहाव्याला तुला लाँचमधनं नेली. इंजिन तुझंच, मधोमध, खाली वाळूच्या पिशव्या आणि दोन बाजूंनी दोर, पंख्याच्या शाफ्टाला न जोडलेलं. ते नुसतं वजनाला. पण त्या वजनानं लाँच कशी पाण्यात नीट बसली म्हणून सांगू. जीपच्या इंजिनानं ती अकरा वर्षं उचलल्यासारखी दिसत होती, ते मला त्या दिवशी दिसलं. चैताचं पाणी उतरलेलं, बांबू टेकत होता. तुझे दोघं भाऊ, संतोष आणि दगडूचा जावई, चौघांनी बांबूवर नेली. मी पुढं टोकावर, मांडीवर गाडगं. धूर न्हाय, आवाज न्हाय. रोहित पाखरांची शेवटची टोळी उभी होती, जायच्या तयारीतली. पाखरं उठली न्हाईत.

धाकटा भाऊ म्हणाला, "दाजी, एक हँडल मारा की. आवाज तरी ऐकू द्या अक्काला."

"बैठक न्हाय त्याला. दणक्यानं बूड फोडंल."

पण मग मी मागं गेलो आणि चाक हातानं फिरवलं. एकच फेरा. जड हाय, दम लागला. सिलिंडरनं फुस्स केलं आणि थांबलं. दगडू वरडला, "देवळावर आलो." त्याला पण तुझ्यासारखंच पाण्याखालचं दिसतं. गाडगं मी सोडलं. संतोष रडत होता. मला सगळ्यांच्या समोर एक वाक्य बोलायचं होतं, पाठ करून गेलो होतो. तोंडातनं निघालं, "धरा रे बांबू, वारं सुटलंय." खरंच सुटलं होतं. लाँच रेटत रेटत लांब गेली, चौघांचे बांबू टेकंनात, आणि त्या फायबरवाल्या पोरांनी येऊन दोर लावून आपल्याला, म्हणजे आमाला, काठाला ओढत आणलं. दगडू हसायला लागला, मग सगळेच. मी पण. तुला आवडलं असतं.

आता संतोष म्हणतो, आबा, बैठकीचं झेंगट कशाला, मागं पेट्रोलचं इंजिन टांगू, सगळे टांगतात. मी न्हाय म्हणालो. सागवान आणलंय, पडवीत सावलीला वाळत घातलंय. सुतार म्हणतो साल लागंल. मी चौऱ्याहत्तरीचा. टिकलो तर मी बसवीन, न्हायतर संतोषला दाखवून ठेवलंय कुठला बोल्ट कुठं. त्याला हे पण सांगितलं, की हे इंजिन आईनं निवडलेलं हाय, आणि आईचं बरोबर होतं, आणि मला ते आठ वर्षं ठाऊक होतं. तो म्हणाला, "मग आईला हे का न्हाय सांगितलंत?"

मी त्याला काय सांगू, गजरा? भिगवणपासनं कळस एसटीनं तासाभरावर हाय. आणि आपल्या घरात चुलीपासनं ताटापर्यंत दोन हात.